मोती बसऱ्याचे, मोती जपानचे

गेल्या डिसेंबरात सासूबाई डोंबिवलीहून आमच्याकडे शारजाला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ असा नेहमीचा ऐवज होता आणि हातातल्या पर्समध्ये, कापसात गुंडाळून लाल पोटलीत ठेवलेली, एक नथ होती. "बॅग हरवली तर मेतकूट जाईल, हरकत नाही. पण ही माझ्या हातातच बरी," असं त्यांनी विमानतळावरच सांगून टाकलं. जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि नातीनं ती घालावी अशी त्यांची इच्छा होती. नथ त्यांच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंची. मधे लाल खडा आणि भोवती सात मोती. बसऱ्याचे, असं घरात तीन पिढ्या सांगत आल्या आहेत.

आता बसऱ्याचे म्हटले तरी हे मोती काही बसरा शहराच्या नदीत सापडत नव्हते. आखातातला माल पूर्वी त्या बंदरातून यायचा, म्हणून आपल्याकडे तेच नाव चिकटलं. शिंपले निघायचे ते बहारीन, कतार, अबूधाबी, दुबई, शारजा, रास अल खैमा यांच्या समोरच्या उथळ समुद्रातून. आपण मुलांना शुक्रवारी संध्याकाळी ज्या पाण्यात पाय बुडवायला नेतो, तोच हा समुद्र. हे मी सांगितल्यावर आई हसल्या. "म्हणजे मी हिला माहेरीच घेऊन आले म्हण की!"

मग माहेर दाखवायचं ठरलं. नवरा तेव्हा दास बेटावर होता. तो तिथल्या गॅसच्या प्लांटमध्ये काम करतो. काही आठवडे तिकडे, काही आठवडे घरी. त्यामुळे एका शनिवारी आम्ही तिघीच निघालो: मी, आई आणि अकरावीतली लेक. लेकीला इतिहासाची परीक्षा होती, म्हणून पुस्तक बरोबर. जपानचं आधुनिकीकरण हा धडा. उम्म अल क्वैनचा फाटा मागे पडल्यावर तिनं मागच्या सीटवर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि "जपान" ऐकताच आई म्हणाल्या, "त्या जपानचं माझ्यापुढे नाव काढू नकोस. आमच्या घरातला घास काढलाय त्यानं."

लेक चकित, मी त्याहून. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

जझीरात अल हमरा हे गाव रास अल खैमाच्या अलीकडेच लागतं. जुन्या वस्तीत आता कुणी राहत नाही. झाब जमातीची ही माणसं १९६८ च्या सुमारास गाव सोडून गेली, बरीचशी अबूधाबीला. समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडांच्या भिंती आणि खजुरीच्या झावळ्यांची छपरं. काही घरांची आता डागडुजी झाली आहे, काही तशीच ढासळलेली आहेत. भिंतीला हात लावला तर दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. आईंनी एका उंबऱ्यावर बसून घेतलं आणि मी त्यांना वाचून जमवलेलं सांगू लागले.

उन्हाळ्याचे चार महिने, साधारण जून ते सप्टेंबर, या किनाऱ्यावरचे पुरुष समुद्रात असायचे. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या गॅझेटियरमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे आकडे आहेत. आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यावरून बाराशेच्या आसपास होड्या आणि वीस हजारांवर माणसं मोत्यांना जायची. सगळ्या किनाऱ्याची वस्तीच जेमतेम ऐंशी हजार! बुडी मारणारा तो 'घैस', त्याला दोरीनं वर ओढणारा तो 'सैब', होडीचा कप्तान 'नाखुदा'. 'नाखवा' म्हटलं की आपल्या कोळीवाड्यातला माणूस डोळ्यांपुढे येतो, शब्द तोच. सकाळी थोडे खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. नाकाला कासवाच्या पाठीची चिमटी, बोटांना चामड्याची टोपणं, पायाला दगड. आठ-दहा वाव खोल जायचं, दम असेतो शिंपले ओरबाडून गळ्यातल्या जाळीत भरायचे आणि दोरीला हिसका द्यायचा. असं दिवसात चाळीस-पन्नास वेळा. जेवण रात्री, मासे आणि भात.

ठरलेला पगार नाही. हंगामाआधी नाखुदाकडून उचल घ्यायची, त्यावर घर चार महिने चालायचं आणि मोती विकल्यावर वाटणी. नाखुदानं स्वतः उचल घेतलेली असायची 'तवाश'कडून, म्हणजे मोत्यांच्या व्यापाऱ्याकडून. आणि तवाशाची उचल पुष्कळदा मुंबईच्या पेढीची. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर, आणि माणूस मेला तर मुलावर.

"मुंबईच्या पेढीवर तुझे आजेसासरेच होते की," आई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. माझे आजेसासरे १९२० च्या दशकात झवेरी बाजाराजवळ एका मोत्यांच्या पेढीवर कारकून होते. गिरगावातून चालत जायचे. पेढीवर झगेवाले अरब सौदागर येत, गादीवर बसत, लाल कापडावर मोती ओतले जात. चाळण्यांतून गाळून आकार लावायचे, मग रंग, मग 'पाणी'. भाव तोंडानं बोलायचा नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. सौदा झाला तरी शेजारी बसलेल्याला कळू नये. हे आईंनी आपल्या सासूकडून ऐकलेलं, पण दाखवताना त्यांनी खरोखर पदर माझ्या हातावर टाकला आणि माझी दोन बोटं दाबली. त्या ओसाड गावात आम्ही दोघी पदराखाली सौदा करत बसलो होतो आणि लेक फोटो काढत होती.

आखातातला जवळजवळ सगळा चांगला माल मुंबईला यायचा, तिथं निवडला जायचा, त्याला भोक पाडलं जायचं, तो ओवला जायचा आणि मग पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क. त्या काळी मोत्यांना हिऱ्यांपेक्षा भाव होता. १९१७ मध्ये कार्तिये या जवाहिऱ्यानं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरची आपली हवेली एका दोनपदरी मोत्यांच्या हाराच्या बदल्यात घेतली. वर रोख शंभर डॉलर. इथले मोठे व्यापारी वर्षातले काही महिने मुंबईत राहायचे. शारजाच्या हिरा भागात जन्मलेले कवी सुलतान अल ओवैस मोत्यांच्याच व्यापारी घराण्यातले, त्यांचीही कित्येक वर्षं मुंबईत गेली. दुबईच्या देरा भागात अल अहमदिया शाळा आहे, आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती १९१२ ची, शेख अहमद बिन दलमूक या मोत्यांच्या व्यापाऱ्यानं काढलेली. इथं चलन रुपया होतं ते उगीच नव्हे.

"आणि मग जपान आला," आई म्हणाल्या. वैरी गावाच्या वेशीवर यावा तशा.

त्यांच्या लेखी जपान म्हणजे एक माणूस. नाव त्यांना माहीत नव्हतं, ते लेकीनं फोनवर शोधून सांगितलं. कोकिची मिकिमोतो. जन्म १८५८, तोबा गावचा, बाप उडोन नावाच्या शेवया विकणारा. म्हणजे अमेरिकेच्या कमोडोर पेरीची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागून पाच वर्षं झालेली. शेकडो वर्षं दार लावून बसलेल्या देशाला तोफांच्या धाकानं दार उघडावं लागलं होतं. हा दहा वर्षांचा होता तेव्हा, १८६८ मध्ये, शोगुनांची सत्ता गेली आणि सम्राट मेईजींच्या नावानं नवं सरकार आलं. त्या सरकारचं ब्रीद 'समृद्ध देश, बलाढ्य सैन्य'. सामुराईंचे तनखे गेले, सक्तीची लष्करभरती आली, सक्तीचं शिक्षण आलं, १८७२ मध्ये तोमिओकाला फ्रेंच यंत्रांची रेशीम गिरणी उभी राहिली. पुढे अशा गिरण्यांत खेड्यातल्या मुली बारा-बारा तास कोसले उकळायच्या आणि त्या रेशमाच्या डॉलर-पौंडांतून जहाजं आणि यंत्रं विकत घेतली जायची.

मिकिमोतोनं शिंपल्यात बाहेरचा कण घालून मोती करवून घेण्याचा ध्यास घेतला. लाल भरतीनं शिंपले मेले, कर्ज झालं. ११ जुलै १८९३ ला एका शिंपल्यात अर्धगोल मोती मिळाला. पूर्ण गोल मोत्याला आणखी बरीच वर्षं गेली आणि त्यात मिसे आणि निशिकावा या दुसऱ्या दोन जपानी माणसांचंही श्रेय आहे. पण बाजार मिकिमोतोनं काबीज केला. १८९९ मध्ये टोकियोच्या गिन्झात दुकान, १९१३ मध्ये लंडनला. जगातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात मोती घालीन, असं तो सम्राटांना म्हणाल्याची कथा आहे.

याच १८९३ साली आणखी एक गोष्ट घडली, ती मला मिकिमोतोइतकीच महत्त्वाची वाटते. जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीनं जमशेटजी टाटांशी हातमिळवणी करून मुंबई आणि कोबे यांच्यामध्ये जहाजं सुरू केली. आपल्याकडचा कापूस स्वस्तात तिकडे जाऊ लागला. पुढे त्याच कापसाचं कापड होऊन ते परत मुंबईत यायला लागलं, इतकं स्वस्त की गिरणगाव हादरलं. १९३३ मध्ये सरकारनं ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली ती मुख्यतः जपानी कापडाला थोपवायला. जपाननं उत्तरादाखल आपला कापूस घेणं थांबवलं आणि मग सिमल्याला वाटाघाटी. लेकीला मी म्हटलं, जपान मोठा झाला हे तुझ्या पुस्तकात आहे, पण तो मोठा होताना मुंबईत काय झालं, तेही उत्तरात लिही. ती म्हणाली, "मार्क नाही मिळणार त्याला."

दुपारी आम्ही अल रम्सला पोहोचलो. रास अल खैमा शहराच्याही पुढे, एका बाजूला हजरचे उघडे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खारफुटीची खाडी. इथं अब्दुल्ला अल सुवैदी यांचं मोत्यांचं शेत आहे. त्यांचे आजोबा शेवटच्या बुडीवाल्यांपैकी एक. आजोबांची आठवण राहावी म्हणून नातवानं २००५ च्या सुमारास हे शेत सुरू केलं. होडीनं खाडीतल्या तरंगत्या घरापर्यंत नेतात. जाळ्यांत शिंपले टांगलेले, आखातातलाच मूळचा शिंपला. आणि रीत जपानी. शिंपला जरासा उघडून आत कवचाचा वाटोळा मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसाचा बारीकसा तुकडा घालायचा, पुन्हा पाण्यात सोडायचं आणि वाट पाहायची. ज्या विद्येनं आजोबांचा धंदा बुडाला तीच विद्या नातवानं, जपानी माणसाच्या मदतीनं, आजोबांच्या पाण्यात लावली. मला हे ऐकून जरा कसंसंच झालं. तिथला माहिती सांगणारा तरुण मात्र सहजपणे सांगत होता.

त्यानं सुरीनं एक शिंपला उघडला, अंगठ्यानं मांस चाचपलं आणि मोती बाहेर काढला. आईंच्या तळहातावर ठेवला. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाणी चांगलं आहे हो." त्या मोत्याला, जपानी रीतीच्या मोत्याला, त्यांनी दिलेलं हे प्रशस्तिपत्रक मी मराठीतून इंग्रजीत करून सांगितलं, पण "पाणी" काही नीट सांगता आलं नाही.

लेकीनं लगेच विचारलं, आमची नथ बघून सांगाल का, हे मोती खरे आहेत का? त्या मुलानं प्रश्न दुरुस्त केला. खरे दोन्हीही, नैसर्गिक की लावलेले, एवढंच. हा वाद शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९२१ मध्ये जपानी मोती लंडनच्या बाजारात आले तेव्हा व्यापाऱ्यांनी फसवणूक म्हणून आरडाओरडा केला, प्रकरण पॅरिसच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९२४ मध्ये मिकिमोतोची बाजू वर आली. बहारीननं कल्चर मोत्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तो मुलगा म्हणाला, नथीत बसवलेला मोती नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, एक्स-रे काढावा लागतो. दुबईत काढून मिळेल. लेकीचे डोळे चमकले. आईंनी पोटलीची नाडी ओढून गाठ मारली आणि पर्स मांडीवर घेतली.

परतताना ऊन उतरलं होतं. लेकीनं पुस्तक उघडलं आणि पाच मार्कांचा प्रश्न वाचला. जपान युद्धाकडे का वळला?

मला स्वतःला जपानविषयीचं आपल्या लोकांचं कौतुक थोडं जड जातं. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या समुद्रात जपाननं रशियाचं आरमार बुडवलं तेव्हा आपल्याकडे आनंद झाला, आशियाची पहाट झाली असं म्हटलं गेलं, ते समजू शकते. पण त्या लढाईतलं अॅडमिरल तोगोंचं 'मिकासा' जहाज इंग्लंडात बांधलेलं होतं आणि पाचच वर्षांनी, १९१० मध्ये, जपाननं कोरिया गिळला. ती पहाट कोरियाच्या वाट्याला कशी आली, हे आपण विचारलं नाही. तैवान तर १८९५ मध्येच घेतलं होतं. शिस्त, मेहनत, वेळ पाळणं हे सगळं खरं, पण सैन्य मंत्रिमंडळाला जुमानत नव्हतं हेही खरं. १८८९ च्या राज्यघटनेनं सेनेला थेट सम्राटांच्या हाताखाली ठेवलं होतं. लष्करानं आपला मंत्री द्यायचं नाकारलं की सरकार पडायचं.

आणि मग १९२९. गाडी चालवता चालवता हे मला त्या दिवशी प्रथमच एकत्र दिसलं, म्हणून लेकीला सांगितलं. जपानच्या खेड्यांचं पोट होतं रेशमावर, आणि ते रेशीम जायचं अमेरिकेतल्या बायकांच्या मोज्यांना. या किनाऱ्याचं पोट होतं मोत्यांवर, आणि ते जायचे त्याच बायकांच्या गळ्यात. न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्यांनी दोन्ही घेणं थांबवलं. जपानच्या ईशान्येकडच्या तोहोकू भागात भाव पडले, वर १९३१ आणि १९३४ ला पिकं बुडाली, बापांनी मुली विकल्या. अशाच खेड्यांतली पोरं लष्करात होती. त्यांना शहरातले पुढारी आणि भांडवलदार शत्रू वाटू लागले. १९३१ मध्ये मंचुरिया घेतला तो टोकियोच्या सरकारला न विचारता. १५ मे १९३२ ला पंतप्रधान इनुकाईंना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी घरात घुसून गोळ्या घातल्या. १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध, नानजिंगची कत्तल.

इथं तोहोकूसारखीच उपासमार, पण इथल्या माणसांकडे सैन्य नव्हतं. होती ती उचलीची वही. आईंना मी म्हटलं, सगळा दोष मिकिमोतोचा नाही. मंदी नसती तर खरे मोती आणि लावलेले मोती काही वर्षं शेजारी शेजारी विकले गेले असते. मंदीनं गिऱ्हाईक गेलं, आणि जे उरलं त्याला स्वस्तातला जपानी हार मिळाला. दोन्ही एकदम आलं. होड्या किनाऱ्यावर ओढल्या त्या पुन्हा पाण्यात गेल्या नाहीत. अल अहमदिया शाळा काही काळ बंद पडली. १९३२ मध्ये शारजाच्या शेखांनी इंपीरियल एअरवेजला विमानतळासाठी जागा भाड्यानं दिली. गावात कुरबूर होती, पण ते भाडं नाकारण्यासारखी परिस्थिती नव्हती. आज जिथं अल महत्ता म्युझियम आहे, तीच ती जागा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

"आणि आमची पेढी?" आईंनी विचारलं. जणू तीही त्या यादीत हवी होती. बरोबरच होतं.

पुढे युद्धानं उरलंसुरलं नेलं. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. आपल्याकडे बंगालमध्ये त्याचे काय परिणाम झाले ते सर्वांना माहीत आहे. इकडे आखातात समुद्रमार्गे येणाऱ्या तांदळावर जगणाऱ्या लोकांचेही फार हाल झाले, रेशनवर दिवस काढले. १९४३ च्या जूनमध्ये तर जपानी पाणबुडी थेट मस्कतच्या बंदरात शिरली आणि तिनं 'दाहपु' नावाचं नॉर्वेचं जहाज बुडवलं. आईंनी यावर लगेच १४ एप्रिल १९४४ काढला. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज फुटलं, गिरगावात घरांच्या खिडक्या थरथरल्या आणि सगळी चाळ ओरडत खाली आली, "जपान्यानं बॉम्ब टाकला!" आजेसासूबाई म्हणे कडेवर मूल आणि नाकात ही नथ, एवढंच घेऊन बाहेर पडल्या होत्या.

लेकीचं उत्तर एव्हाना पाच मार्कांच्या बाहेर गेलं होतं, पण शेवटचा मुद्दा राहिला होता. जपानच्या आरमाराला लागणारं तेल. त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास अमेरिकेतून यायचं. जपान इंडोचायनात पुढे सरकला, तेव्हा १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं ते बंद केलं. साठा जेमतेम दीड-दोन वर्षांचा. मागे फिरायचं की डच इंडिजमधलं तेल बळानं घ्यायचं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी डिसेंबरात पर्ल हार्बरला दिलं. त्या बंदराचं नावही मोत्यांवरूनच. हवाईचे लोक त्या पाण्याला 'वाई मोमी', मोत्यांचं पाणी, म्हणायचे. आणि त्याआधी जेमतेम तीन वर्षं, १९३९ च्या जानेवारीत, अबूधाबीच्या शेखांनी एका ब्रिटिश कंपनीला तेल शोधायचा ७५ वर्षांचा परवाना दिला होता. मोती गेले होते, दुसरं काही हाताशी नव्हतं. जपान ज्याच्यासाठी लढाईला उतरला ते तेल त्या बुडीवाल्यांच्या समुद्राखाली होतं आणि हे तेव्हा जपानलाही माहीत नव्हतं, शेखांनाही नाही. ते सापडलं १९५८ मध्ये, पहिली जहाजभर निर्यात १९६२ मध्ये, दास बेटावरून.

"आपल्या बाबांचं दास?" लेकीनं विचारलं.

तेच. १९७७ मध्ये तिथून द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज निघालं ते टोकियोच्या वीज कंपनीसाठी आणि पुढची कित्येक दशकं तिथला बहुतेक गॅस तिकडेच जात राहिला. जपान आज जे कच्चं तेल आणतो, त्यातलं अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास अमिरातींचं आहे. नवरा नोकरीला लागला तेव्हा घरी फोन करून सांगायचा, आज जपानचं जहाज लागलंय, उशीर होईल. त्या फोनवर आईही असायच्या. "बरं, जेवून घे," म्हणायच्या. जहाज कुठलं याच्याशी त्यांना काही नव्हतं.

त्या आता गप्प होत्या. उम्म अल क्वैनच्या पुढे दिवे लागले होते. मग त्या एकदम म्हणाल्या, "एक्स-रे काढायला नको. सगळे बसऱ्याचे नाहीतच ते."

पेढी बंद झाली त्यानंतर, दीड-एक वर्षानं, आजेसासऱ्यांना गिरणीत टाइमकीपरची नोकरी मिळाली. मधल्या दिवसांत नथीतले दोन मोती त्यांनी विकले. भाव काय आला, तर मातीमोल. जपानी मालानं पाडलेलाच भाव. मग आजेसासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. भोकं पडलेली नथ घालून मांडवात कसं जायचं? तेव्हा आजेसासऱ्यांनी स्वतः बाजारात जाऊन, आयुष्यभर ज्याला शिव्या दिल्या त्या जपानचे दोन मोती आणले. आकार, रंग, पाणी पारखून, बाकीच्या पाचांत मिसळतील असे. आणि सोनाराकडून बसवून घेतले.

"कुठले दोन?" लेकीनं विचारलं.

"ते सासूबाईंनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

घरी आल्यावर लेकीनं नथ उशीवर ठेवून मोबाइलचा दिवा लावला आणि एकेक मोती बघितला. मग मी बघितला. मग आईंनीही चष्मा लावून बघितला. रात्री दासवरून फोन आला, तेव्हा तिघी अजून तिथंच बसलेल्या होतो.